उशीर न करणारा कॉम्प्युटर

टोंगातल्या वावाउ बेटावर उशिराला कोणी उशीर म्हणत नाही. मंगळवारची फेरीबोट शुक्रवारी येते आणि धक्क्यावरची माणसं ‘आली बाई एकदाची’ म्हणत तिला कौतुकाने हात करतात. विमान कधी कधी येतच नाही. तेव्हा विमानतळावर जमलेले नातेवाईक तिथेच शिदोरी सोडतात आणि निरोपाची भाषणं पुन्हा पहिल्यापासून करतात. अशा बेटावर केपुएली मास्तर उशीर न करणारी वस्तू शोधायला निघाले, यातच थोडंफार चुकलं असावं.

मास्तरांनी चौतीस वर्षं नेइआफूच्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि सव्वीस वर्षं गावच्या चर्चमधला गायकवर्ग सांभाळला होता. दोन्हीकडे आकडेच. टोंगात सूर आकड्यांनी लिहितात. तीनपासून नऊपर्यंत सात आकडे, सात सूर. मास्तर फळ्यावर लिहायला लागले की हे गणित की भजन, ते पोरांना वर्गात कोण बसलंय यावरून ठरवावं लागे.

त्यांची अडचण अशी होती. थोरली बहीण फुसी एकोणीस तारखेच्या गुरुवारी ऑकलंडला लेकाकडे जाणार होती, कायमची. वय एकाहत्तर. आणि त्यांच्या वडिलांनी रचलेलं भजन पुरतं येणारी ती एकटीच उरली होती. मास्तरांनी ते आकड्यांत उतरवलं होतं, नाही असं नाही. पण फुसी तिसऱ्या शब्दावर एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जी घसरत जायची, तिथे आकडा नव्हता. साडेसहा लिहिलं तर लोक हसले असते.

भजनाची चार कडवी. पहिली तीन केव्हाही म्हणावीत. चौथं फक्त घरातलं माणूस मातीआड करताना, कबरीपाशी. हा वडिलांचा नियम. त्या कडव्याच्या पहिल्या चार मात्रा घरातल्या पुरुषाने एकट्याने खर्जात म्हणायच्या, मग फुसीने उचलायचं, मग सगळ्या गावाने. वडील गेल्यापासून त्या चार मात्रा मास्तरांच्या होत्या. त्यांना तीन मुलीच. त्या घरातला पुरुष असा तेवढा एकच.

“चारही कडवी तुझ्या आवाजात भरून ठेवायची आहेत,” हे त्यांनी फुसीला सांगितलं नव्हतं. आधी कॉम्प्युटर आणावा, मग बघू, असा बेत होता.

भाच्याने ऑकलंडहून फोनवर यादी सांगितली होती. “मामा, स्वस्तातला घ्या, जुना चालेल. पण तीन गोष्टी बघा. मेमरी भरपूर, पंख्याचा आवाज नको, आणि उशीर नको.”

“उशीर कसला?”

“आवाज माइकमधून आत जातो आणि हेडफोनमधून कानात परत येतो ना, त्याला स्वस्त मशीन वेळ लावतं. मग गाणारा स्वतःचीच वाट बघत बसतो.”

मास्तरांना हे पटलं. स्वतःची वाट बघत बसलेले बरेच विद्यार्थी त्यांनी पाहिले होते.

लिसिआतेचं दुकान धक्क्याजवळ एका लोखंडी कंटेनरमध्ये होतं. परदेशच्या नातेवाइकांना जे नको झालं ते सगळं पिंपांत भरून तिथे येई. काच नसलेली घड्याळं, एकाच पायाचे बूट, बाळंतपणं संपलेल्या घरांतल्या बाबागाड्या. लिसिआते स्वतः तीन माणसांच्या आकाराचा होता आणि उठायला लागू नये म्हणून सगळा माल हाताच्या अंतरावर ठेवी.

“हा घ्या, मास्तर. साडेचारशे पांगा. पागो पागोहून आलाय.”

“मालक कोण होता?”

“मालक असता तर मी विकला असता का?”

मास्तरांनी झाकण उघडलं. पंख्याचा आवाज नव्हता. मेमरी यादीबरहुकूम होती. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र बुधवार, अठरा तारीख, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. बाहेर शुक्रवार होता आणि तारीख सहा.

“घड्याळ चुकलंय.”

“चुकणारच. पागो पागो वाररेषेपलीकडे, तिथे अजून कालचा दिवस चालू असतो. एक दिवस मिळवा की झालं. तुम्हाला काय सांगायचं!”

“अरे, हे मागे नाही, बारा दिवस पुढे आहे.”

“मग वजा करा,” लिसिआते म्हणाला, आणि दोरीने कॉम्प्युटर बांधायला लागला.

घरी लुपेने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, त्या वस्तूकडे एकदा आणि मास्तरांकडे एकदा पाहिलं. “साडेचारशेत दोन डुकरं आली असती. ती गायली नसती, पण खाता तरी आली असती.”

“अक्कांचा आवाज राहील यात.”

“अक्कांचा आवाज ऑकलंडहून इथपर्यंत तसाच ऐकू येईल, मास्तर. काळजी नको.”

फुसीचं घर रस्त्याच्या कडेला होतं आणि रस्त्यापलीकडे, अगदी खिडकीसमोर, घराण्याच्या कबरी होत्या. वडिलांच्या कबरीवरची पांढरी वाळू फुसी दर शनिवारी हाताने सारखी करी. सोमवारी मास्तरांनी माइक तिच्या पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवला, वायर खिडकीतून बाहेर काढली आणि स्वतः कॉम्प्युटर घेऊन व्हरांड्यात बसले. टोंगात भाऊ-बहीण कळते झाले की एका खोलीत बसत नाहीत. चर्चमध्ये एकत्र गातील, पण घरात मध्ये भिंत लागते. त्या भिंतीतल्या खिडकीला पडदाही होता. फुसीने तो ओढून घेतला.

“काय म्हणू?”

“भजन म्हणा, अक्का. आबांचं.”

“ते कशाला?”

“मशीन तपासायला.”

फुसीला थापा कळत, पण धाकट्या भावाच्या थापेला ती किंमत देत नसे. तिने सुरुवात केली. पहिल्या ओळीला शेजारच्या कोंबड्याने साथ दिली. दुसऱ्या ओळीला पलीकडच्या अंगणात बायका झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसल्या. सहा बायका, सहा मोगऱ्या, ठक ठक ठक, सूर्य मावळेपर्यंत. तिसऱ्या ओळीला एक डुक्कर व्हरांड्याखाली शिरून अंग घासायला लागलं.

“मिळालं का रे?” फुसीने आतून विचारलं.

“डुक्कर छान मिळालंय,” मास्तर म्हणाले.

पण त्यांना दुसरंच काहीतरी खटकलं होतं. उशीर नव्हता. मुळीच नव्हता. उलट हेडफोनमधला फुसीचा सूर खिडकीतून येणाऱ्या सुराच्या केसभर आधी सुरू होतोय असं वाटत होतं. मास्तरांनी हेडफोन एका कानावरून काढून पाहिला. डाव्या कानात बहीण, उजव्या कानात बहीण, आणि डावी किंचित घाईत.

मंगळवारी त्यांनी वहीत तक्ता आखला. सोमवार: केसभर. मंगळवार: अर्धी मात्रा. बुधवारी फुसीने गायच्या आधी जो श्वास घेतला तो हेडफोनमध्ये ऐकू आला, त्यानंतर सूर आला, आणि त्यानंतर पडद्याआड तिने श्वास घेतला. गुरुवारी एक आख्खी ओळ. मास्तरांनी वायर बदलली. हेडफोन धुतले. स्वतःचे कान चर्चच्या कारकुनाकडून तपासून घेतले, कारण त्याच्याकडे बॅटरी होती.

शुक्रवारी, फुसी बाजारात गेली असताना, त्यांनी साधा प्रयोग करायचा ठरवला. पेन्सिल घेतली, माइकपासून वीतभर वर धरली. ठरवलं, आपटायची. हेडफोनमध्ये टक् असा आवाज झाला.

मास्तर हुशार माणूस. त्यांनी ठरवलं, आता आपटायचीच नाही. बघू काय करतं ते. हात तसाच वर धरून बसले. मिनिट गेलं. मग रस्त्यावरून लिसिआतेची गाडी भोंगा वाजवत गेली, मास्तर दचकले आणि पेन्सिल हातातून सुटली.

टक्.

त्यांनी तक्त्यात ‘एक मिनिट’ असं लिहिलं. खाली रेघ मारली. घड्याळ पाहिलं, तर पुन्हा बुधवार, अठरा, अकरा वाजून दहा. मास्तर रोज दुरुस्त करायचे, ते रोज परत तिथेच जाऊन बसायचं. त्यांना शाळेतला एक मुलगा आठवला. कुठलंही गणित घाला, तो उत्तर बारा काढायचा. एकदा खरंच बारा आलं, तेव्हा वर्गात कोणी टाळी वाजवली नाही.

लुपेला त्यांनी अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, “वेळेच्या आधी होणारी एक तरी गोष्ट या बेटावर आली म्हणायची. मंत्र्यांना कळवा.”

राहिला प्रश्न कापड कुटणाऱ्या बायकांचा. टोंगात पूर्ण शांतता आठवड्यातून एकदाच होते, रविवारी दुपारी. सकाळची प्रार्थना झालेली असते, भट्टीतलं अळूच्या पानातलं मटण पोटात गेलेलं असतं, आणि काम करणं कायद्याने बंद असतं. माणसं, कुत्री, डुकरं, सगळे आडवे होतात. रेकॉर्डिंगला त्याहून चांगली वेळ नाही, आणि रेकॉर्डिंग तेव्हाच करता येत नाही.

“भजन म्हणणं हे काम नाही, अक्का,” मास्तर शनिवारी खिडकीबाहेरून म्हणाले.

“भजन नाही. बटण दाबणं काम आहे.”

“बटण मी आजच दाबतो. रात्रभर चालू राहील. उद्या तुम्ही नुसतं गायचं, मी नुसतं ऐकायचं. सोमवारी सकाळी बंद करतो. देवाला त्यात सापडण्यासारखं काही नाही.”

पडद्याआड फुसीने चटई झटकली.

“देव गणितात नापास झालेला नाही, केपु.”

पण ती नाही म्हणाली नाही. गुरुवारी ती जाणार होती, आणि तीन कडवी राहावीत असं तिलाही वाटत असणार. तिला त्या दिवसांत खोकला होता. तरी रविवारी तीन वाजता, गाव घोरत असताना, तिने तीन कडवी अशी म्हटली की मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. तिसऱ्या शब्दावरची ती घसरण तर वाळू उतरावी तशी उतरली.

“अक्का, चौथं?”

“कुणी मेलंय का?”

“नाही. पण तुम्ही गेल्यावर...”

“मी ऑकलंडला चाललेय, वर नाही. उगाच घरात बसून ते कडवं म्हणायचं नाही. आबांनी सांगितलंय.”

“पुढे कोणाला यायचं नाही ते.”

“मग कोणी मरू नका,” फुसी म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

सोमवारी सकाळी मास्तरांनी बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं आणि फुसीच्या व्हरांड्यातच ऐकायला बसले. सगळं मिळून चाळीस तासांचं होतं. रविवारी तीनची जागा शोधायला हवी होती. पण त्यांनी पद्धतीप्रमाणे सुरुवातीपासून लावलं.

सुरुवातीलाच फुसी गात होती.

शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं तेव्हा फुसी घरात नव्हती. चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती. मास्तरांनी स्वतः तिला रस्त्याने जाताना पाहिलं होतं. तरी शनिवारच्या जागी रविवारची तीन कडवी होती, खोकल्यासकट, आणि शेवटी “कुणी मेलंय का?” हेसुद्धा.

त्यापुढे लुपेचा आवाज आला. जरा लांबून, रस्त्यावरून. “मास्तर, चहाचं सरबत झालं. येताय की पाठवून देऊ मासोळ्यांना?”

मास्तरांनी हेडफोन काढला. रस्ता रिकामा होता.

त्यांनी हेडफोन मांडीवर ठेवला आणि वाट बघितली. दहा मिनिटांनी कोपऱ्यावरून लुपे आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मास्तर, चहाचं सरबत झालं. येताय की...”

“मासोळ्यांना पाठवू नकोस,” मास्तर म्हणाले. “येतो.”

लुपे त्यांच्याकडे पाहत राहिली. मग काही न बोलता परत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

चहाला ते गेले नाहीत. रविवारी तीनची जागा काढली, जिथे फुसीचं गाणं असायला हवं होतं.

फावड्याचा आवाज होता. वाळूत.

माणसं होती, पुष्कळ. पायांखाली खडे वाजत होते. चर्चच्या घंटेचे टोल सावकाश पडत होते. आणि पाद्रीबाबांचा आवाज, रस्त्याच्या पलीकडून, वाऱ्यावर येणारा: “...आता या घरचं चौथं कडवं.”

मास्तरांनी झाकण बंद केलं.

समोर, रस्त्यापलीकडे, कबरी नेहमीसारख्या होत्या. वाळू सारखी केलेली. आत फुसी पेटी भरत होती आणि मध्ये मध्ये खोकत होती. अठरा तारखेचा बुधवार परवा होता. विमान त्यानंतर, गुरुवारी. मास्तरांनी वजाबाकी केली. ती फार सोपी होती.

“अक्का,” ते खिडकीशी जाऊन म्हणाले, “चला, दवाखान्यात जाऊन येऊ.”

“कशाला?”

“तो खोकला विमानात चालत नाही म्हणे.”

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी फुसीची छाती ऐकली, रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली. “धुळीचा खोकला आहे. बाकी म्हशीसारखी तब्येत आहे, आजी.” मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, “तुम्हीच पांढरे पडलायत, मास्तर. बसा, तुमचंही बघते.”

“मला काही झालेलं नाही,” मास्तर म्हणाले. “घाईत आहे.”

त्या दुपारी त्यांनी फुसीला पेटी उचलू दिली नाही, पायरी उतरू दिली नाही, माशाचा काटा स्वतः काढून वाडगा खिडकीतून आत सरकवला. फुसीने तो तसाच बाहेर सरकवला. “मला जायचंय ऑकलंडला, केपु. तू तर मला आजच पोचवतोयस.”

मंगळवारी दुपारी मास्तर घरी, आपल्या टेबलापाशी बसले. ते सगळं पुसून टाकायचं ठरलं होतं. बोट बटणावर होतं.

पण सव्वीस वर्षांची सवय. पुसायच्या आधी उतरवून घ्यावं. चौथं कडवं, फुसीच्या वळणासकट, आयुष्यात पुन्हा कानावर पडणार नव्हतं. आणि ते इथे होतं. ह्याच्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

पाद्रीबाबा नाव घेतील ते ऐकायचं नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्या पुढून लावलं.

“...चौथं कडवं.”

मग काहीच नाही. वाळू. कुणीतरी नाक शिंकरलं.

आणि मग एक आवाज उठला. म्हातारा, भक्कम, किंचित खोकल्याने खरवडलेला. तिसऱ्या शब्दावर तो घसरला, साडेसहावर, वाळू उतरावी तसा.

फुसी.

फुसीच गात होती. तिच्यामागून गाव उठलं, पण पुढे ती होती. उभी. धडधाकट. चारही ओळी.

मास्तरांनी हेडफोन काढला आणि मोठ्याने हसले. इतके, की लुपे स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

“काय झालं?”

“अक्का ठणठणीत आहेत.”

“हे कळायला तुम्हाला कॉम्प्युटर लागला?” लुपे म्हणाली, पण त्यांचा चेहरा बघून तिलाही बरं वाटलं. नारळाच्या पाकातल्या गोळ्यांची बशी तिने समोर ठेवली. मास्तरांनी चार खाल्ले. दोन दिवसांत पहिल्यांदाच जेवल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी वही उघडली, पट्टीने चार आडव्या ओळी आखल्या, चार आवाजांच्या. पेन्सिलीला टोक केलं. फुसीची ओळ आधी लिहिली. घसरणीच्या जागी सहा आणि सातच्या मध्ये एक बाकदार रेघ काढली आणि ती त्यांना आवडली. मग बायकांची दुसरी ओळ. मग पुरुषांची वरची. सगळे आवाज ओळखीचे होते. चर्चचा कारकून नेहमीप्रमाणे पाव सूर खाली होता.

खालची, खर्जाची, त्यांची स्वतःची ओळ शेवटी. ती सुरुवातीपासून लिहायला हवी होती. चौथं कडवं तिथूनच सुरू होतं.

त्यांनी परत मागे जाऊन लावलं. आवाज पूर्ण वर केला. बोटाने टेबलावर मात्रा मोजल्या.

एक. वाळू.

दोन. नाक शिंकरणं. ते लुपेचं होतं. चाळीस वर्षं ऐकलेलं.

तीन.

चार.

मग फुसी.

तिने घाई केली नव्हती. गावाने केली नव्हती. सगळे चारही मात्रा मोजून थांबले होते.

मास्तरांनी आणखी एकदा लावलं. मग पेन्सिल खाली ठेवली. खालच्या ओळीतली पहिली चार घरं तशीच राहिली. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात बुधवार होता, अकरा वाजून दहा. आज त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

“मास्तर,” लुपे आतून म्हणाली, “उद्या अक्कांच्या निरोपाला डुक्कर लागेल ना? लहान बघू की मोठं?”

मास्तरांनी बशीतला शेवटचा गोळा उचलला, पाहिला, आणि परत ठेवला.

“मोठं बघ,” ते म्हणाले. “माणसं पुष्कळ आहेत.”